सरकारी कार्यालयात रिसायकल कागद : आठ महिने आणि एक कोकणी पावसाळा

कोकणातल्या एका तालुका कार्यालयात मी भांडार सांभाळते. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे पहिल्यांदाच पूर्णपणे रद्दीच्या लगद्यापासून बनवलेला कागद आला. ए-फोर, ७५ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा), साठ रीम, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. लिहायला एवढे महिने लावले ते मुद्दाम. आमच्याकडे कागदाची खरी परीक्षा जून लागल्यावर होते.

पहिला खोका फोडला तेव्हा सगळ्यांचं लक्ष रंगावर गेलं. किंचित करडा, दुधात थेंबभर चहा पडावा तसा. "वरच्या कार्यालयाला हे कसं पाठवायचं?" असं दोघा-तिघांनी विचारलं. पंधरा दिवसांत कोणी रंगाचं नावही काढेना. उलट पाठपोट छपाईला हा कागद नेहमीच्या पांढऱ्यापेक्षा चांगला निघाला, मागची अक्षरं पुढे दिसत नाहीत. आम्ही आता टिपण्या, सभेच्या नोटिसा, माहिती अधिकारातल्या प्रती सगळ्या पाठपोटच काढतो. बचत मुख्यतः तिथे झाली. कागद स्वस्त पडला म्हणून नव्हे, कारण रीममागे तो थोडा महागच पडला होता.

शाईचं मात्र जमलं नाही. साहेब हिरव्या शाईच्या पेनाने सही करतात. सहीची रेघ कडेने फुटते, बारीक मुळ्या फुटाव्यात तशी. रबरी शिक्काही जास्त शाई घेतली की पसरतो. बॉलपेनाला काही अडचण नाही. स्कॅन करताना पार्श्वभूमी मळकट येते, त्यासाठी कॉन्ट्रास्ट थोडा वाढवावा लागतो.

आणि मग पाऊस. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चाळीस पानांच्या प्रती काढताना मशीन सात वेळा अडकलं. आमच्या शिपाईमामांनी बाजूचं दार उघडून कागद ओढला, तर पंख्यासारखा घडी पडलेला आणि कडेला ओलसर. खालच्या रोलरवर पांढरी लव बसली होती, बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागायची. रद्दीचा लगदा जितक्या वेळा दळला जातो तितके त्यातले तंतू आखूड होतात. आखूड तंतू सुटून भुकटी जास्त पडते. दमटपणाने पान वाकडं होतं आणि मशीनमध्ये अडतं.

पण निम्मी चूक आमचीच होती. रीम उघडून टेबलावर उघड्याच पडायच्या, खोके थेट फरशीवर. आता खोके लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो. वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो, म्हणून रीम लागेल तेव्हाच फोडतो. उरलेले कागद त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. वेष्टनावर बाण असतो, तो छपाईची बाजू दाखवतो. आम्ही आठ वर्षं त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. रोलर दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसतो. जुलैभर अडकणं आठवड्याला एक-दोनदा, म्हणजे पांढऱ्या कागदाचं पावसाळ्यात जेवढं असायचं साधारण तेवढंच.

माझं खरं म्हणणं यापुढे आहे. आपण कागद विकत घेतो एकाच प्रकारचा, आणि तो वापरतो मात्र एक वर्ष जगणाऱ्या पत्रापासून कायमच्या दस्तऐवजापर्यंत सगळ्याला. अभिलेखांचं वर्गीकरण आपल्याकडे आधीच ठरलेलं आहे. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, आणि ड एक वर्ष. आमच्याकडचा बहुतेक कागद क-१ आणि ड मध्येच जातो. स्मरणपत्रं, हजेरीचे गोषवारे, सभेच्या नोटिसा. यांना नव्या लगद्याचा शुभ्र कागद कशाला हवा? आणि अ वर्गाच्या नस्तीला मी हा कागद लावणार नाही. जमिनीच्या हक्काचा कागद पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी हातात यायचा असतो. त्यासाठी वेगळी मागणी करावी.

खरेदीतली अडचण वेगळीच निघाली. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ची, आणि स्पर्धा शेवटी दराची असते. अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याला ऑर्डर. त्यामुळे रिसायकल ही गोष्ट अटीतच लिहिली नाही तर ती कधीच जिंकत नाही. आमच्या जुन्या अटींत ब्राइटनेसचा, म्हणजे शुभ्रपणाचा, आकडा इतका वरचा होता की असा कागद दारातच अडला असता. तो आकडा वर्षानुवर्षं एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत नकलून येत होता. कोणी ठरवला, का ठरवला, काही नोंद नाही. मी तो खाली आणायला टिपणी ठेवली आणि ती मंजूर झाली.

दुसरी अट शब्दांची. नुसतं "रिसायकल" लिहिलं तर कारखान्यातल्याच कातरणाचा लगदाही त्यात बसतो. लोकांनी वापरून टाकलेल्या कागदाचा लगदा किती, हे वेगळं विचारायला हवं. अमेरिकेत १९९३ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्रीय कार्यालयांसाठी आदेश काढला, तेव्हा नेमकं हेच केलं होतं. कागदात वापरून टाकलेल्या कागदाचा वाटा आधी २० टक्के, मग १९९८ अखेरपासून ३०. आकडा ठरलेला असल्यामुळे कारखान्यांना गिऱ्हाईक पक्कं दिसलं. आमच्यासारखं एकटं कार्यालय साठ रीम मागून कोणाला काय खात्री देणार? आणि लगद्याबद्दलच्या ज्या प्रमाणपत्रावर आम्ही विसंबलो, ते तपासायला माझ्याकडे काही साधन नाही. तंतूंचा वाटा कागद हातात घेऊन कळत नाही.

मार्चमध्ये आम्ही मुदत संपलेला ड वर्ग काढला. याआधी तो पावसात भिजून लगदा व्हायचा नाहीतर मागच्या अंगणात जळायचा. आपल्या देशातले कारखाने रद्दी परदेशातून आणतात आणि आपण तालुक्याची रद्दी जाळतो, हे मला फार लागलं. या वेळी नाश करण्याची रीतसर मंजुरी घेतली, यादी केली, फाडलेला कागद कोरडा ठेवून गोणीत भरला आणि वजन करून दिला.

नव्या मागणीपत्रात काल दोन ओळी केल्या. चाळीस रीम रिसायकल, वापरून टाकलेल्या कागदाच्या लगद्याचा वाटा लिहून देण्याच्या अटीसह. वीस रीम नेहमीचा, फक्त अ आणि ब वर्गासाठी. सहीसाठी साहेबांसमोर ठेवलंय.