डिस्क भरली तर कमांडनं थांबावं की निभावून न्यावं?

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याचा दिवसभराचा हिशेब रात्री फाइलमध्ये उतरवणारी छोटीशी कमांड तुम्ही लिहिताय, असं धरू. वर्षातून एखाद्या वेळीच येणाऱ्या एररसाठी रीती दोनच: निरोप छापून, शून्याखेरीज एक्झिट कोड (कमांड संपताना मागे देते तो आकडा; ० म्हणजे सगळं ठीक) देऊन तिथेच थांबायचं, किंवा तक्रार छापून उरलेलं काम उरकायचं.

मेमरीच्या बाबतीत फार विचार नको. लिनक्स सहसा मागेल तेवढी मेमरी कबूल करतो आणि खरीच टंचाई पडली की एखादी प्रोसेसच मारतो. छोट्या कमांडमध्ये मॅलॉक (सीमधलं मेमरी मागायचं फंक्शन) फसल्यावर सावरत बसणं ही हौस झाली. थांबा.

फाइली अनेक असतील तर दुसरी रीत सरस. अनेक फाइलींचं एक गाठोडं बांधणारा ग्नू टार वाचता न आलेली फाइल सोडून बाकीच्या घेतो, पण शेवटी २ हा कोड देतो. निभावून नेणं म्हणजे लपवणं नव्हे, ते हे असं.

खरा घोळ आउटपुटचा. लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाचं डिव्हाइस आहे. त्यात काहीही लिहायला जा, ‘जागा नाही’ हीच एरर येते, क्रमांक २८. सीमधला पहिल्या धड्यातला ‘हॅलो वर्ल्ड’ तिकडे वळवून बघा. लिहिलं काहीच जात नाही, तरी कोड ०! मजकूर छापणारं प्रिंटएफ तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत ठेवतं, तो बाहेर पडतो प्रोग्रॅम संपताना, आणि तेव्हा बघायला कोणी नसतं. अशा शून्यावर विसंबून एखादी स्क्रिप्ट कालचा बॅकअप उडवून मोकळी होते. फाइल जशीच्या तशी आउटपुटवर ओतणारी ग्नूची कॅट मात्र लिहिणं जमलं का ते तपासते, नसेल तर तक्रार करते आणि १ देते. पायथन ३.६ पासून १२० देतो. कोड विचित्र, पण गप्प बसण्यापेक्षा बरा.

हिशेबाच्या कमांडसाठी मी डोळे झाकून पहिली रीत घेईन, एका जोडीसह: आधी त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर पोचवणारा कॉल) आणि क्लोज (फाइल बंद करणारा) दोन्हींचं उत्तर बघायचं (नेटवर्क ड्राइव्हवर एरर कधीकधी क्लोजलाच कळते), मगच नाव बदलून ती खऱ्या फाइलच्या जागी आणायची. मध्येच बिनसलं तर कालची फाइल शाबूत राहते. फोटोंचं फोल्डर कॉपी करायचं असतं तर दुसरी रीत घेतली असती.

कमांड बॅशच्या पाइपमध्ये (एकीचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या कमांडांच्या साखळीत) बसवणार असाल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल (साखळीतली कुठलीही कमांड फसली तरी ते कोडमध्ये कळवणारी सोय) चालू करा. नाहीतर कोड शेवटच्या कमांडचाच मिळतो आणि तुमची तक्रार वाटेतच विरते.