३-जे चिन्हं: राकाहची बेरीज की शुल्टेन-गॉर्डनची पुनरावृत्ती?

३-जे चिन्हं म्हणजे पुंजयामिकीत कोनीय संवेग जोडताना लागणारे गुणांक; प्रत्येकात तीन जे (कोनीय संवेगांचे क्रमांक) आणि तीन एम (त्यांच्या एका दिशेतल्या घटकांचे क्रमांक) असतात. ती काढायचं भौतिकशास्त्रज्ञ राकाह यांचं १९४२ चं बेरजेचं सूत्र कोडच्या दहा ओळींत लिहून होतं. जे १०-१५ च्या आत असेल, तर बहुधा तेच पुरेल. १७० च्या पुढचे फॅक्टोरियल डबलमध्ये (संगणकातल्या नेहमीच्या दशांश संख्येत) मावत नाहीत, पण लॉग घेतले की ती अडचण मिटते आणि काम झालं, असं मीही बरेच दिवस धरून चाललो होतो.

मला खटकलं ते वेगळंच. हे सूत्र चुकतं तेव्हा काहीच कळू देत नाही. तिन्ही जे १००, तिन्ही एम शून्य घ्या. बेरजेतली पदं एकदा धन, एकदा ऋण. सामाईक गुणक बाजूला ठेवला तर सर्वांत मोठं पद १० च्या ८७ व्या घाताएवढं आणि खरं उत्तर १० च्या ६९ व्या घाताएवढं. डबलमध्ये अंक जेमतेम १६. म्हणजे हाती येतो तो निव्वळ कचरा, आणि तोही नीटनेटक्या दशांश संख्येच्या रूपात. मी आठवडाभर फेजच्या (म्हणजे धन-ऋण चिन्हाच्या) संकेतात चूक शोधत बसलो. शेवटी एका जे च्या सगळ्या शक्य किमतींसाठी (२जे+१) गुणिले चिन्हाच्या किमतीचा वर्ग यांची बेरीज केली; ती १ यायला हवी, पण आली नाही. फेज बदलून वर्ग बदलत नाहीत, तेव्हा उलगडा झाला.

शुल्टेन आणि गॉर्डन यांचं १९७५ चं तीन पदांचं पुनरावृत्तीचं सूत्र जे१ च्या (तिन्हींतल्या पहिल्या जे च्या) एका किमतीवरून पुढच्या किमतीवर जातं, त्यामुळे जे१ च्या सगळ्या किमतींची अख्खी ओळ एकदम मिळते. सुरुवातीची किंमत मनाला येईल ती घ्या; वरचीच बेरीज १ करून सगळ्या किमती शेवटी मापात आणता येतात. धन की ऋण, हे जे१ च्या सर्वांत मोठ्या किमतीवरून ठरतं.

कष्ट आहेतच. एकाच टोकाकडून शेवटपर्यंत गेलात तर पलीकडच्या टोकाशी, जिथे खरी उत्तरं झपाट्याने लहान होतात, तिथे बारीकशी चूक फुगत जाते. म्हणून दोन्ही टोकांकडून निघून मध्ये जोडायचं. तिन्ही एम शून्य असतील तर सूत्रातलं मधलं पद नाहीसं होतं आणि एकाआड एक किंमत शून्य येते. जोडणी तिथे करू नका. माझा पहिला प्रयत्न नेमका तिथेच फसला होता.

एखादाच गुणांक हवा असेल, तर पूर्णांकांत नेमकं गणित करणारी पद्धत कदाचित दोन्हींहून बरी. पण विकिरणाचं किंवा वर्णपटाचं गणित करताना ओळी हजारोंनी लागतात. तिथे मी पुनरावृत्तीच घेतो. राकाहचा जुना कोड अजून ठेवलाय, लहान जे ला पडताळणीसाठी.