लाव्हाचं ॲनिमेशन: आफ्टर इफेक्ट्स की ब्लेंडर?

त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगराचा बेसाल्ट लाव्हातून कसा घडला, हे नाशिकच्या शाळेतल्या प्रदर्शनात दाखवायचंय, सॉफ्टवेअर कुठलं?

खर्चात ब्लेंडर (थ्री-डी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) सरस, ते फुकट आहे. आफ्टर इफेक्ट्सला (व्हिडिओवर इफेक्ट चढवायचं सॉफ्टवेअर) वर्गणी.

मेहनत मात्र आफ्टर इफेक्ट्समध्ये कमी: सॉलिडवर (एकरंगी थर) फ्रॅक्टल नॉइज (ढगाळ नक्षी), कलरामा (त्या नक्षीला रंग), ग्लो (झळाळी) हे इफेक्ट. प्रोजेक्टची रंगखोली १६ बिटवर ठेवा, नाहीतर काळ्या-केशरीच्या मधे पट्टे उमटतात. लूपसाठी, म्हणजे ॲनिमेशन सलग पुन्हापुन्हा चालावं म्हणून, फ्रॅक्टल नॉइजमधलं सायकल इव्होल्यूशन चालू, सायकल १. इव्होल्यूशनची (नक्षीचा बदल) कीफ्रेम ० फ्रेमला शून्य, २५० ला एक पूर्ण फेरी. २५० वी फ्रेम ० सारखीच, म्हणून रेंडर (अंतिम व्हिडिओ) २४९ पर्यंतच, म्हणजे झटका बसत नाही.

ब्लेंडरमध्ये फोर-डी नॉइज टेक्स्चर (वेळेनुसार बदलू शकणारी नक्षी), कलर रॅम्प (तिला रंग), एमिशन (उजेड). लूप आपसूक मिळत नाही, पण डिस्प्लेसमेंटने (पृष्ठभागाला खरे उंचसखल आकार देणं) थिजलेली खडबडीत साय खरी वाटते.

मथळ्यामागे सपाट लाव्हा हवा तर आफ्टर इफेक्ट्स; उतारावरून कॅमेरा फिरवायचा असेल तर ब्लेंडरच.