कानाच्या नसेची गाठ: गॅमा नाइफ, सायबरनाइफ, ऑपरेशन की नुसतं थांबायचं?

एमआरआयचा रिपोर्ट हातात येतो, त्यात व्हेस्टिब्युलर श्वानोमा किंवा अकूस्टिक न्यूरोमा असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि पहिल्या रात्री आपल्याला त्यातला ट्यूमर एवढा एकच शब्द दिसतो. माझं तेच झालं. त्याआधी कितीतरी महिने डाव्या कानाला फोन लावला की समोरचा बोलतोय हे कळायचं पण काय बोलतोय ते कळायचं नाही, मग फोन आपोआप उजव्या कानाला जायचा आणि मी मात्र नेटवर्कला शिव्या घालत बसायचे.

ही गाठ कॅन्सरची नसते. आणि नाव कानाचं असलं तरी ती बहुतेक वेळा ऐकण्याच्या नसेवर नाही, तिच्या शेजारून जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणावर वाढते. गोची अशी की हाडातल्या ज्या बारीक बोगद्यातून या दोन नसा जातात तिथूनच चेहरा हलवणारी नसही जाते, म्हणजे ऐकणं, तोल आणि चेहरा तिन्ही एकाच अरुंद गल्लीत, त्यामुळे कुठलाही इलाज निवडला तरी प्रश्न एकच, यातलं काय वाचणार आणि काय पणाला लागणार.

लोक सगळ्यात आधी विचारतात गॅमा की सायबर, म्हणजे रेडिएशन कुठल्या मशीनवर घ्यायचं, गॅमा नाइफ की सायबरनाइफ. मला विचाराल तर तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आत्ता काही करायचंय का?

कारण बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत, आणि वाढतात त्यातल्या बहुतेक वर्षाला १-२ मिमीच्या आसपास. नॉर्वेत यावर एक चांगली ट्रायल झाली, व्ही-रेक्स, २०२३ मध्ये निकाल आले. २ सेंमीपेक्षा लहान, नुकत्याच सापडलेल्या गाठींचे १०० पेशंट, निम्म्यांना लगेच रेडिएशन आणि निम्म्यांना थांबा, स्कॅन करत राहा, वाढली तर बघू. चार वर्षांनी रेडिएशनवाल्यांच्या गाठी लहान झालेल्या, पण ऐकणं, चक्कर, रोजचं जगणं यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. थांबलेल्यांपैकी ४०%च्या आसपास लोकांना गाठ वाढल्यामुळे पुढे रेडिएशन घ्यावंच लागलं, पण निम्म्याहून जास्त लोकांना चार वर्षांत काहीच लागलं नाही. म्हणून लहान गाठ असेल तर "आजच्या आज ठरवा" असं कोणी म्हणालं की माझ्या मनात शंका येते.

आता रेडिएशन. इथे एक गैरसमज फार आहे, की किरण मारले की गाठ विरघळून जाते. नाही जात. गाठ तिथेच राहते, फक्त तिची वाढ थांबते, आणि वाढ थांबली म्हणजे इलाज यशस्वी. तसं ते साधारण १० पैकी ९ किंवा जास्तच लोकांत होतं. उलट पहिल्या ६ ते १८ महिन्यांत गाठ थोडी सुजून मोठी दिसू शकते, मधला भाग स्कॅनवर काळपट होतो, आणि हे आधी कोणी सांगितलेलं नसेल तर तो रिपोर्ट बघून हातपाय गळतात. डोस आता १२-१३ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) आसपास देतात. सुरुवातीच्या काळात १६-२० देत होते आणि तेव्हा चेहरा वाकडा होण्याचं प्रमाण बरंच होतं, त्यामुळे जुना लेख वाचून घाबरायच्या आधी त्याचं साल बघा. आता तो धोका १-२% किंवा त्याहून कमी.

पण ऐकण्याचं खरं सांगते. पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांचं टिकतं, मग हळूहळू उतरत जातं, दहा वर्षांनी कामापुरतं ऐकू येणारे निम्मे किंवा त्याहून कमी उरतात. थांबलं तरी ते उतरतंच म्हणा. कानातली शिट्टी आणि तोल यांचंही तसंच, जाईलच असं धरून चालू नका, तोलासाठी व्यायामाचा जास्त फायदा होतो.

ऑपरेशनचं पारडं कधी जड होतं? गाठ ३ सेंमीच्या वर गेली, मेंदूच्या देठावर दाब आलाय किंवा मेंदूत पाणी साठलंय, तेव्हा. तिथे वाट बघण्यात अर्थ नसतो, आणि सूज येऊ शकणारं रेडिएशनही नको. ऑपरेशनने गाठ निघते हे खरं, पण कवटी उघडायची, मेंदूभोवतीचं पाणी गळण्याचा धोका, सावरायला आठवडे, आणि गाठ जेवढी मोठी तेवढी चेहऱ्याची नस धोक्यात. कानाच्या आतल्या हाडातून जाणाऱ्या पद्धतीत तर त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. चेहऱ्याची नस वाचावी म्हणून मोठ्या गाठीत काही सर्जन तिला चिकटलेला गाठीचा पापुद्रा मुद्दाम ठेवतात आणि तो वाढला तर नंतर त्यावर रेडिएशन. उलटा क्रम, म्हणजे आधी रेडिएशन आणि मग ऑपरेशन, जास्त कठीण जातो कारण गाठ नसांना चिकटून बसलेली असते.

राहिलं गॅमा की सायबर. गॅमा नाइफ स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांचं, १९६०च्या दशकातलं, आणि या गाठीवर त्याचा पहिला वापर १९६९चा. नावात नाइफ आहे पण पातं कुठेच नाही. आताच्या मशिनमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत असतात, सगळे किरण एका बिंदूवर येतात. डोकं हलू नये म्हणून कपाळाला आणि मागे मिळून चार स्क्रूंनी फ्रेम बसवतात, जागा बधिर करून, टोचतं कमी आणि दाबल्यासारखं जास्त वाटतं, पण एका दिवसात विषय संपतो. कोबाल्टच्या किरणांचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून स्रोत जुने असले तर तोच डोस द्यायला जास्त वेळ लागतो, बाकी फरक नाही. सायबरनाइफमध्ये रोबोच्या हातावरचं मशीन, फ्रेमऐवजी जाळीचा मास्क, बऱ्याचदा ३ ते ५ सिटिंग. नव्या गॅमा मशिनमध्येही मास्क चालतो. गाठ थांबण्याच्या बाबतीत दोघांत म्हणावा असा फरक नाही, तेव्हा या गाठी नेहमी हाताळणारी टीम कुठे आहे ते आधी बघा. कॉक्लियाला, म्हणजे कानाच्या शंखाला, किती डोस जाणार हे विचारा, उत्तर ४ ग्रेच्या खाली असेल तर बरं.

दोन्ही कानांत गाठी असतील तर यातलं बरंच लागू होत नाही, तो एनएफ२ नावाचा वेगळा आजार, त्याचा हिशोब वेगळा.

मी दोन स्कॅन थांबले, तिसऱ्यात गाठ ३ मिमी वाढलेली निघाली, मग गॅमा घेतलं. पण त्याआधी डॉक्टरांनी जुनी सीडी मागितली, कागदावरचा आकडा त्यांना चालेना, कारण वेगळ्या मशिनवर वेगळ्या माणसाने मोजलं की १-२ मिमी असेच इकडे तिकडे होतात. तिन्ही सीडी शेजारी शेजारी लावून त्यांनी स्वतः मोजलं, तेव्हा कुठे "वाढली" म्हणाले. तेव्हा सीडी सांभाळा.