उताणं, कुशीवर की उशाकडून उंच? बेशुद्ध माणसाला कसं ठेवावं

कुणी बेशुद्ध पडलं की आपण त्याला उताणं निजवतो आणि डोक्याखाली उशी सरकवतो. मायेपोटीच करतो. पण त्या उशीने हनुवटी छातीकडे झुकते, सैल पडलेली जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट अडते. दुसरा धोका याहून गुपचूप येतो. पोटातलं किंवा तोंडातलं फुफ्फुसात उतरतं, म्हणजेच ॲस्पिरेशन होतं. शुद्धीवर असताना ठसका आपल्याला वाचवतो. खोल बेशुद्धीत ठसका नसतो, गिळणं नसतं आणि जठराचं वरचं तोंड आवळून धरणारा स्नायूही ढिला पडू शकतो. उमासा न येताच पोटातलं पाझरत घशाशी येतं.

उताणं झोपवण्याचं नुकसान इथे कळतं. घशाचं डबकं होतं. श्वासनलिका छातीत शिरताना पाठीकडे कललेली असते, त्यामुळे उताण्या शरीरात साचलेल्या द्रवाला फुफ्फुसांकडे आयता उतार मिळतो. त्यात आम्ल असेल तर फुफ्फुस अक्षरशः भाजतं. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी 1946 साली भूल देऊन केलेल्या बाळंतपणांमधली अशी 66 प्रकरणं मांडली, तेव्हापासून भूलशास्त्र या धोक्याकडे फार गांभीर्याने पाहतं.

कुशीवर वळवलं की उतार उलटा होतो. तोंडाचा कोपरा घशाच्या खाली येतो, लाळ आणि उलटी बाहेर गळते, जीभही मागे पडत नाही. मात्र नुसतं कलतं करून भागत नाही. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवायचा, डोकं किंचित मागे न्यायचं आणि तोंड जमिनीकडे झुकलेलं ठेवायचं. पालथं निजवूनही द्रव बाहेर येतो, पण छाती दबते आणि चेहरा दिसत नाही, म्हणून घरी किंवा रस्त्यावर तो पर्याय मी सुचवणार नाही.

आता गोंधळ होतो तो आयसीयूमुळे. तिथे तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच केलेली दिसते! बार्सिलोनातल्या 1999 सालच्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची तुलना केली होती. अर्धवट बसतं ठेवलेल्यांपैकी 8 टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला, सपाट उताण्या ठेवलेल्यांपैकी 34 टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण त्या सगळ्यांच्या श्वासनलिकेत फुगा असलेली नळी होती, आणि तो फुगा वरून येणारा द्रव बराचसा अडवतो. जमिनीवर पडलेल्या माणसाला अशी नळी नसते. त्याला भिंतीला टेकवून बसवलं तर मान पुढे पडते आणि तोंडातलं सरळ स्वरयंत्रावर ओघळतं.

म्हणून माझा कौल नळीवर ठरतो. श्वासनलिकेत नळी नाही आणि श्वास नीट चालू आहे, तर कूस. नळी आहे, तर डोक्याची बाजू उंच. श्वास नसेल किंवा माणूस नुसते आचके देत असेल, तर उताणं करून लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवण्याचा उपचार. तिथे ॲस्पिरेशनचा विचार मागे राहतो. अपघातात मानेला मार लागल्याची शंका असेल तर उगीच हलवू नये. पण उलटी होत असेल किंवा श्वास अडत असेल, तर डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून कुशीवर वळवावंच लागतं.

सर्वांत जास्त चुका होतात त्या घरी, नाकातून नळी असलेल्या बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत. ही नळी पोटात जाते, फुफ्फुसांचं रक्षण करत नाही. उलट ती अन्ननलिकेतून जात असल्याने जठराचं तोंड पूर्ण मिटत नाही. अन्न देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास उशाकडची बाजू 30 अंशांहून खाली नको. ती उंच ठेवूनही अंग कुशीकडे कलतं ठेवता येतं. उशांची चळत रचू नका. रुग्ण घसरतो, पोटात दुमडतो आणि पोटावरचा दाब वाढतो. पलंगाची पाठच उचला, आणि अंदाजाने नको, कारण नजरेला 30 वाटणारा कोन मोजल्यावर बरेचदा कमी भरतो. पाठीचा भाग 80 सेंटीमीटर लांब असेल, तर त्याचं टोक आडव्या पातळीपासून 40 सेंटीमीटर वर आलं की 30 अंश झाले.