प्रोसेसरला आवर घालायचाय: टास्क मॅनेजर, प्रोसेस लासो की बीईएस?

व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की माउससुद्धा अडखळतो, ही एक तक्रार. लॅपटॉप तापतो आणि पंखा घोंघावत राहतो, ही दुसरी. दोन्ही तक्रारींसाठी लोक 'सीपीयू कमी करणारं काहीतरी' शोधतात आणि निवड तिथेच फसते. अडखळण्यावर उपाय प्रायॉरिटीचा, म्हणजे प्रोसेसर आधी कोणाला मिळेल ते ठरवण्याचा; तापण्यावर मर्यादेचा, म्हणजे किती मिळेल ते बांधून देण्याचा. एखाद्या प्रोग्रामची प्रायॉरिटी कितीही उतरवली, तरी त्या क्षणी दुसरं कोणी प्रोसेसर मागत नसेल तर तो खुशाल शंभर टक्के वापरतो. रांगेत शेवटी उभं केलेल्या माणसापुढे कोणीच नसेल, तर त्याला खिडकी लगेच मिळणारच.

विंडोजचा टास्क मॅनेजर फुकट आणि हाताशी. 'डिटेल्स'मध्ये प्रोग्रामवर राइट क्लिक करून प्रायॉरिटी बदलता येते ('रिअलटाइम' या सगळ्यात वरच्या पातळीच्या वाटेला मात्र जाऊ नका) आणि अफिनिटी, म्हणजे प्रोसेसरचे कोणते कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वापरायचे तेही ठरवता येतं. विंडोज ११ मध्ये एफिशियन्सी मोडही आला. तो प्रायॉरिटी खाली आणतोच, शिवाय ते काम कमी विजेत उरकावं असं प्रोसेसरला सुचवतो. १२व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर असतात, तिथे असं काम सहसा छोट्या कोरकडे वळतं. दुखणं एकच, पण जुनं: प्रोग्राम बंद केला की सगळं विसरलं. पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात. मायक्रोसॉफ्टला एकच सूचना पाठवायची असेल तर मी 'ही निवड लक्षात ठेवा' असा चौकोन मागेन. तोवर 'स्टार्ट' कमांडचा शॉर्टकट बनवून प्रोग्राम दरवेळी खालच्या प्रायॉरिटीवर सुरू करता येतो, पण हे घरात किती जण करतील?

बिटसम कंपनीचं प्रोसेस लासो नेमकं हेच लक्षात ठेवतं. एकदा नियम लावला की तो प्रोग्राम जेव्हा सुरू होईल तेव्हा लागू होतो. समोरची खिडकी बंद केली तरी मागे गव्हर्नर नावाचा छोटा प्रोग्राम काम करत राहतो. त्याचं खरं बळ प्रोबॅलन्समध्ये आहे. मागे चाललेलं एखादं काम प्रोसेसर अडवून बसलं, तर प्रोबॅलन्स त्याची प्रायॉरिटी तात्पुरती उतरवतो आणि गर्दी ओसरली की परत देतो. आपल्याला काही करावं लागत नाही. यावर विश्वास नसेल तर बिटसमचाच सीपीयू-ईटर नावाचा चाचणी प्रोग्राम चालवा आणि प्रोबॅलन्स चालू असताना नि नसताना माउस कसा वागतो ते पाहा. मूळ आवृत्ती फुकट आहे, काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. मेनूंचा पसारा मात्र नवख्याला घाबरवणारा आहे.

त्यातला सीपीयू लिमिटर मला अर्धवट वाटतो. प्रोग्राम ठरलेल्या टक्क्यांवर गेला की लिमिटर त्याचे काही कोर थोडा वेळ काढून घेतो. सोळा लॉजिकल कोर (विंडोजला दिसतात तितके कोर) असतील तर हे चालून जातं. चार असतील तर एक कोर काढला की थेट पाव प्रोसेसर गेला. बारीक नियंत्रण हवं असणाऱ्याला हे पुरत नाही.

बीईएस, म्हणजे बॅटल एन्कोडर शिरासे, हे जुनं, छोटं जपानी सॉफ्टवेअर. फुकट, आणि त्याचा सोर्स कोडही खुला. एक पट्टी सरकवायची आणि प्रोग्रामला किती कमी प्रोसेसर द्यायचा ते ठरवायचं. त्यासाठी बीईएस त्या प्रोग्रामला क्षणभर थांबवतं, क्षणभर चालवतं, पुन्हा थांबवतं. एन्कोडिंग, झिप करणं, मोठी गणितं यांना त्याने बाधा येत नाही, फक्त वेळ वाढतो. पण गाणं वाजवणारा प्रोग्राम असा थांबवला की आवाज तुटतो आणि व्हिडिओ कॉलची तर वाटच लागते.

बीईएस आणि लासो दोघांनाही माझी सूचना एकच: विंडोजमधल्या जॉब ऑब्जेक्टचा, म्हणजे प्रोग्रामचा गट करून त्याला एकत्र मर्यादा लावण्याच्या सोयीचा, वापर करा. विंडोज ८ पासून त्यात प्रोसेसरची टक्केवारी बांधून देण्याची सोय आहे. वेळेचं वाटप खुद्द विंडोजचा शेड्यूलर करतो, त्यामुळे बाहेरून धक्के देऊन प्रोग्राम थांबवावा लागत नाही. त्या प्रोग्रामने पुढे सुरू केलेले प्रोग्रामही सहसा त्याच मर्यादेत येतात. अशी मागणी कळवताना 'मशीन स्लो आहे' एवढंच लिहू नका. प्रोसेसरचं मॉडेल, लॉजिकल कोर किती, विंडोजची आवृत्ती, कोणता प्रोग्राम किती टक्के खात होता आणि तेव्हा नेमकं काय अडलं, एवढं लिहा. उपाय सुचवण्याआधी अडचण सांगितली, तर डेव्हलपरला त्याहून चांगला उपायही सुचू शकतो.

मग घ्यायचं काय? रोज चार-पाच जड प्रोग्राम एकत्र चालत असतील आणि मशीन अडखळत असेल, तर डोळे झाकून लासो. महिन्यातून एखादं मोठं काम असेल तर टास्क मॅनेजर पुरेसा आहे, वेगळं काही बसवण्याची गरज नाही. बीईएस मी फक्त एकाच हट्टी प्रोग्रामसाठी सुचवेन, आणि तोही आवाज किंवा इंटरनेटशी संबंध नसलेला.

तक्रार फक्त तापण्याची असेल, तर या तिघांच्या आधी कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' दिसतंय का ते बघा. ते १०० वरून ९९ केलं की अनेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला वेग वाढवणं, बंद होतो. जड कामाला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंखा बराच शांत होतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.