पहिल्या ख्रिस्ती शतकांचा नकाशासंच: काही महिने रोज वापरल्यानंतर

इसवी सनाच्या पहिल्या चार शतकांत ख्रिस्ती धर्म कुठे कुठे पोचला हे दाखवणारा एक नकाशासंच गेल्या पावसाळ्यात घेतला. रोमन रस्ते, बंदरं आणि शहरं दाखवणारा एक मोठा नकाशा, त्यावर ठेवायचे शतकवार पारदर्शक तक्ते आणि गावांच्या जुन्या-नव्या नावांची पुस्तिका. तेव्हापासून तो टेबलासमोरच्या भिंतीवर आहे.

या विषयाचं वाचन सुरू करणाऱ्यानं आधी नकाशा घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पौल या प्रेषिताच्या वाटेवर बोट फिरवा. नियापुलीसच्या बंदरात, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या काव्हालात, तो उतरतो. पुढे फिलिप्पै, अंफिपुली, अपुल्लोनिया, थेस्सलनीका. ही सगळी ठिकाणं व्हिया एग्नातिया या एकाच हमरस्त्यावर ओळीनं लागतात. फिलिप्पैत भेटणारी लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करते, पण ती मूळची समुद्रापलीकडच्या थुवतीराची. करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारं जोडपं भेटतं. सम्राट क्लॉदियसनं यहुद्यांना रोमबाहेर काढलं म्हणून ते तिथे आलेले, आणि थोड्याच दिवसांत इफिसला मुक्काम हलवणारे. पोटासाठी गावोगाव फिरणारी ही माणसं जिथे बिऱ्हाड करत, तिथे त्यांच्या घरी मंडळी, म्हणजे गावातला ख्रिस्ती समुदाय, जमत असे. पहिल्या शतकाच्या तक्त्यावरचे ठिपके रस्ते आणि बंदरं धरूनच का आहेत, हे इथे लख्ख दिसतं.

दुसऱ्या शतकाच्या तक्त्याबद्दल मात्र तक्रार आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, बिथिनिया-पाँटस प्रांतात, दोन-चारच ठिपके दिलेत. त्या प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहितो की हा पंथ शहरांतच नव्हे, खेड्यापाड्यांतही पसरलाय, देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. माहिती काढण्यासाठी त्यानं छळ केला तो दोन दासींचा, आणि त्या मंडळीच्या सेविका होत्या. इतका स्पष्ट पुरावा हाताशी असताना तिथे खेड्यांसाठी काही खूण हवी होती.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिसऱ्या शतकाच्या तक्त्यावर. इथे रोम शहराशेजारी एक चौकट आहे: इ.स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीची मोजदाद देतो, ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू), ७ दीक्षित सेवक (डीकन) आणि पोसल्या जाणाऱ्या १५०० हून अधिक विधवा व गरजू. हा आकडा नीट बघा. नुकताच सम्राट डेशियसचा हुकूम होऊन गेलेला: प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. साम्राज्यभर साथही चालू होती. अशा काळात दीड हजार माणसांच्या पोटाची सोय करणारी व्यवस्था सरकारी मदतीशिवाय उभी होती. सम्राट कॉन्स्टंटाइनमुळे धर्म वाढला असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हीच चौकट दाखवतो. त्यानं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली ते ३१३ साल यायला अजून साठ वर्षं होती.

उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावाची नोंद तर मी इतरांना वाचूनच दाखवतो. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनच्या ख्रिस्तीविरोधी हुकमावरून तिथल्या प्रार्थनाघराची जप्ती झाली, तिचा पंचनामा टिकून आहे. सोन्याचे २ पेले, चांदीचे ६, आणि मग बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड, पुरुषांचे १३. हे कपडे गोरगरिबांना वाटायला ठेवलेले असावेत. धर्मग्रंथ जप्त करायला आलेल्या कारकुनानं लिहून ठेवलेली ही यादी मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटते. प्रकाशकानं ती पुस्तिकेत बारीक टायपात टाकलीय, ती पानभर द्यायला हवी होती.

चौथ्या शतकाच्या तक्त्यात प्रदेशच्या प्रदेश गडद रंगानं भरलेत. त्यामुळे तिथले सगळे लोक ख्रिस्ती झाले होते असा समज होतो, आणि तो खरा नाही. ठिपकेच ठेवायला हवे होते.

पूर्वेकडे तर नकाशा फारच लवकर संपतो. फरात नदीवरचं दुरा-युरोपोस आहे, तिथल्या राहत्या घराचं प्रार्थनाघर केलेल्या वास्तूचा आराखडाही छान दिलाय. एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) मात्र अगदी कडेला चेपलंय. तिथे २०१ सालच्या पुरात ख्रिस्ती मंडळींच्या वास्तूचं नुकसान झाल्याची नोंद आहे. इतकी जुनी नोंद असलेल्या गावाला ही जागा? त्यापुढचा इराण नाही, हिंदी महासागर नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो आणि अनेक अभ्यासक ते आपलं मुंबईजवळचं कल्याण मानतात. संच चौथ्या शतकापुरता आहे हे मान्य, तरी ही पूर्वेकडची वाट कुठून सुरू झाली हे मराठी वाचकाला बघायचंच असतं. मी शेजारी हिंदी महासागराचा वेगळा नकाशा लावलाय.

कागद जाड आहे, पण घडीवर चिरतो. पारदर्शक तक्त्यांवरची शाई अजून जशीच्या तशी आहे. घेणार असाल तर गुंडाळी मागवा आणि भिंतीवर निदान चार फूट जागा मोकळी ठेवा, कारण तक्ते बाजूला टांगायलाही जागा लागते.